हार हातातच राहिला

"डावी बाजू ओढतेय गं मालन," आक्का आरशासमोर वळत म्हणाल्या. "कात्री म्हातारी झाली का तू?"

"दोघीही झालोय. हात वर करा."

दत्तजयंतीच्या सप्ताहाला तीन दिवस उरले होते. सप्ताहात नेसायच्या जांभळ्या इरकलीवरचा हा ब्लाउज मी दोनदा उसवून शिवला होता. आम्ही जातीचे शिंपी. पुढच्या खोलीत माझे यजमान आणि थोरले भावजी, म्हणजे आक्कांचे मालक, यांची मशिनं; माजघरात माझं. गावातल्या बायकांची पोलकी मीच शिवायची. थोरल्या जाऊबाईंचं माप तर मला पाठ होतं, वीस वर्षांत ते बोटभर हललं नव्हतं. म्हणून आधी कापडाला दोष दिला, मग दोऱ्याला, शेवटी माझ्या डोळ्यांना. तिसऱ्यांदा टक्सची जागा खडूनं आखायला बोट टेकवलं आणि बोटाखाली काहीतरी लागलं. अख्ख्या सुपारीएवढं. तसंच टणक.

माझा हात थांबला. आरशातून आक्का माझ्याकडेच बघत होत्या.

"काय झालं? खडू संपला?"

"आक्का, हे काय आहे?"

"काही नाही. श्रावणापासून आहे. दुखत नाही की खुपत नाही."

"श्रावणापासून? हा मार्गशीर्ष आहे आक्का! चार महिने झाले, आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? तू ती उसवून नीट शिवणार होतीस?" त्यांनी पदर ओढून घेतला. "डावीकडं जरा माया सोड आणि दे. आणि घरात कुणापुढं तोंड उघडलंस तर बघ."

मी घरात तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात जाऊन मुल्ला सिस्टरपुढं उघडलं. सिस्टर पस्तिशीतली, गावातल्या निम्म्या पोरांना टोचलेली, बोलायला फटकळ. ती ब्लाउज टाकायच्या निमित्तानं घरी आली, माजघराचं दार लावलं आणि आक्कांना म्हणाली, "मावशी, लाजायचं काम नाही. दाखवा."

हात लावून बघितल्यावर तिचा फटकळपणा एकदम कमी झाला. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं.

"ही गाठ कसली आहे ते मी हातानं सांगू शकत नाही," ती म्हणाली. "तुम्हीही सांगू शकत नाही. येत्या गुरुवारी बाजारतळावर तपासणीची गाडी उभी राहणार आहे, दोन ते सहा. फोटो काढतात. डॉक्टरीणबाई असतात, पुरुष माणूस नसतो. तुमचं नाव लिहून घेऊ?"

"दुखतं का?"

"दाबतात जरा. पाच मिनिटं मशिनचा राग येईल."

आक्का हसल्या. "राग तर मला रोजच येतो. लिही."

असं ते सरळ ठरलं होतं. गुरुवारपर्यंत मधे पाच दिवस होते, आणि त्या पाच दिवसांत आक्कांच्या हातात फोन होता.

आमच्या दत्तकृपा भजनी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. त्रेचाळीस बायका. पहाटे पाचला पहिला दत्त उगवायचा आणि मग दिवसभर धार लागायची. गाडी येणार हे गावात कळल्यावर तर बायकांनी ताळच सोडला. कुणी म्हणे सकाळी गरम पाण्यात लिंबू घ्या, गाठ विरघळते. तासाभरात दुसरी म्हणे लिंबानं हाडं ठिसूळ होतात. हळदीचं दूध घ्या. दूध अजिबात घेऊ नका, गाठीचं मूळ दुधातच आहे. काळी ब्रा घालू नका. कॅन्सरची एकवीस लक्षणं आली, त्यात दुपारी झोप येणं हे सातवं होतं.

"एकवीसच्या एकवीस आहेत मला," आक्का म्हणाल्या. "शेवटचं काय तर चिडचिड."

"ती तुम्हाला लग्नाआधीपासून आहे."

"होय ना? म्हणजे जुनाच आजार." त्यांनी चष्मा काढला. "मालन, कुणाचं खरं धरायचं गं? सिस्टरनं दिलेलं पुस्तक वाचायला घेतलं, तर तिसऱ्याच पानावर 'घातक' लिहिलंय. तिथंच मिटलं. बत्तीस पानं आहेत. साधं सांगायला बत्तीस पानं कशाला लागतात?"

"बुधवारी कीर्तन ऐकू," मी म्हटलं, "मन शांत होईल. गुरुवारी जाऊ."

मी कीर्तनवेडी बाई. वडिलांच्या मांडीवर बसून टाळ ऐकत मोठी झाले. बुवा उभे राहिले, पेटीवर सूर लागला, बुक्क्याचा वास आला, की माझा सगळा शीण जातो. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, असं आम्ही मानतो. वयानं लहान असला तरी थोरामोठ्यांनी त्याच्या पाया पडायचं, आणि तो बोलत असताना मधे कुणी टोकायचं नाही. मीही आयुष्यात कधी टोकलं नव्हतं.

त्या सप्ताहाला दिगंबरबुवा मोरगिरीकर आले होते. गळा असा, की भिंतीनं ऐकावं. बुधवारी दुपारी चारला त्यांनी पूर्वरंग लावला. विषय होता देहाची आसक्ती. बोलता बोलता चिपळ्या थांबवल्या आणि बायकांच्या बाजूला वळले.

"माउली, हल्ली काय निघालंय? अंगात काही नसताना तपासायचं! यंत्रात घालून दाबायचं! अहो, निजलेल्या सापाला काठीनं डिवचलं तर तो उठणार नाही का? गाठ निजलेली असते. दाबली की फुटते, आणि विष अंगभर जातं. यंत्र हवं का नाम हवं, सांगा!"

"नाम!" सगळं मंदिर ओरडलं.

आक्कांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता, पण चेहऱ्यावर अशी सुटका होती, की बघवेना.

"ऐकलंस?" त्या कुजबुजल्या. "आता गादीवरून आलं. सिस्टरला सांग, नाव खोड."

माझ्या डोक्यात जाळ झाला. पुढचं आख्यान मला ऐकूच आलं नाही.

कीर्तन संपल्यावर बुवा मंदिरामागच्या खोलीत चहा घेत होते. मी त्यांचा उसवलेला अंगरखा शिवून आणला होता. तो कोनाड्यात ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "बुवा, ते दाबून गाठ फुटण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"का हो?"

"कुठल्या डॉक्टरनं? कुठल्या पोथीत आहे?"

"अहो, एवढ्या रागावता काय मालनबाई!" बुवा हसत हसत फोन काढून बोट फिरवू लागले. "तुमच्या मंडळानं मला ग्रुपवर घेतलंय ना, आषाढात सप्ताहाचं ठरलं तेव्हापासून. तिथंच आलं होतं. दृष्टांताला बरं वाटलं, म्हणून जपून ठेवलं. हे बघा. आणि पाठवणाऱ्या तर तुम्हीच!"

मी चष्मा लावला. 'माता-भगिनींनो सावधान! छातीचा फोटो काढणाऱ्या यंत्रात गाठ दाबली जाऊन फुटते...' खाली, दहा भगिनींना पाठवा, पुण्य लागेल. वर माझं नाव. शेवटी मी माझ्या हातानं लावलेले दोन जोडलेले हात. तारीख श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची.

मला ते पाठवल्याचं आठवतही नव्हतं. सकाळी दूध तापेपर्यंत ओट्याशी उभं राहून आलेलं सगळं पुढं ढकलायचं, हा माझा नेम. वाचायचं कशाला? त्यात देव असायचा, औषध असायचं, सगळं चांगलंच असायचं.

श्रावणात आक्कांच्या हाताला गाठ लागली होती. आणि श्रावणात मी त्यांना हे पाठवलं होतं.

"बुवा," मी म्हटलं, "हे खोटं आहे. मी न वाचता पाठवलं. उद्या गादीवरून तेवढं सांगा, की काल बोललो ते चुकीचं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना गाठ आहे. तुमच्या बोलण्यावर त्या उद्या जायच्या नाहीत म्हणतात."

त्यांचा कप बशीत टेकला. क्षणभर त्यांनाही धक्का बसला, हे मला दिसलं. मग ते सावरले.

"गादीवरून बोललेलं परत कसं घ्यायचं? आज हे चुकलं म्हणालो, तर उद्या लोक म्हणतील, बाकीचंही चुकलं असेल. श्रद्धा डळमळते हो. तुम्ही समजावा ना घरी."

"मी समजावून त्या ऐकणार असत्या तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"दत्तगुरूंच्या मनात असेल तसं होईल."

जिथं स्वतःला काही करायचं नसतं, तिथं माणसं दत्तगुरूंना कशी चटकन पुढं करतात!

घरी जाऊन मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"श्रावणात तू पाठवलंस तेव्हाच वाचलं होतं मी," त्या म्हणाल्या. "गाठ लागून चारच दिवस झाले होते. तुला सांगणारच होते. मग म्हटलं, हिला यातलं माहिती आहे. ही पाठवतेय म्हणजे विचार करून पाठवत असेल."

मला वाटलं, त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

"ते खोटं होतं आक्का. मी वाचलंसुद्धा नव्हतं."

"बरं, तू वाचलं नव्हतंस. बुवांनी तर वाचलं ना? आता मी पोलकी शिवणाऱ्या बाईचं ऐकू का नारदाच्या गादीवरच्या माणसाचं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. आणि मला दिसलं, की माझ्या तोंडून निघालेलं आता माझ्या तोंडानं परत येणार नाही. जिथून त्यावर शिक्का बसला, तिथंच तो पुसावा लागणार.

गुरुवारचा हाराचा मान कोपर्ड्यांचा, म्हणजे आमच्या घराचा. पूर्वरंग झाला की मधे नामगजर होतो, मानाच्या घरची बाई बुवांना बुक्का लावते, हार घालते, आणि मगच उत्तररंगाचं आख्यान लागतं. हार पडल्याशिवाय बुवा पुढचा शब्द बोलत नाहीत. आक्कांच्या गुडघ्यांमुळे दोन वर्षं हार मीच घालत होते.

पाचला दहा मिनिटं असताना गजर लागला. बाजारतळावरची गाडी सहाला जाणार होती. मी शेवंतीचा हार घेऊन बुवांसमोर गेले. बुक्का लावला. बुवांनी डोळे मिटून मान झुकवली.

मी हार घातला नाही.

गजर चालूच राहिला. पेटीवाल्यानं माझ्याकडं बघत एक आवर्तन वाढवलं, मग आणखी एक. बुवांनी डोळे उघडले.

"मालनवहिनी, हार!" पुढच्या ओळीतून मंडळाच्या अध्यक्षीण पतंगेकाकू म्हणाल्या. "अगं घाल की, काय पुतळ्यासारखी उभी राहिलीस?"

"बुवा, कालचं आधी दुरुस्त करा," मी हळू म्हटलं. पण त्यांच्यासमोर माईक होता, आणि ते सगळ्या मंदिराला ऐकू गेलं. तबला थांबला.

मग मला थांबवेना. "बायांनो, काल बुवांनी सांगितलं ना, दाबल्यानं गाठ फुटते? ते पोथीतलं नाही. ते मी पाठवलं होतं ग्रुपवर, श्रावणात, न वाचता! माझ्या फोनमधला कचरा बुवांनी उचलला आणि गादीवरून तुम्हाला प्रसाद म्हणून वाटला. मी पाठवलं तेव्हा कुणी विचारलं नाही, बुवा बोलले तेव्हा मीही विचारलं नाही. आज विचारतेय. बुवा, सांगा, ते खोटं होतं."

"उतर खाली!" पतंगेकाकू उठून उभ्या राहिल्या. "गादीचा अपमान करतेस? सप्ताह बाटवतेस?"

"काकू, तुम्ही पाठवलेलं लिंबू अजून माझ्या फोनमध्ये आहे. बसा खाली."

कोणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. बुवांच्या कपाळावर बुक्का आणि घाम एक झाला होता. मला त्या माणसाची कीवही आली. एकच वाक्य हवं होतं, आणि त्या गळ्यातून ते किती सुंदर निघालं असतं!

बुवा माईकजवळ आले. "माउली, ज्यांना तपासायचं त्यांनी तपासावं. ज्यांना नाही, त्यांनी नाम घ्यावं. ज्याची त्याची श्रद्धा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हार त्या परातीत ठेवा."

आणि हाराशिवायच त्यांनी अनसूयेचं आख्यान लावलं. पेटी सुरू झाली. बायका टाळ्या वाजवू लागल्या. जणू मी तिथं नव्हतेच. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. माझ्या आवडत्या सुरांनीच मला त्या दिवशी झाकून टाकलं.

हार हातात घेऊन मी बायकांच्या बाजूला आले, तर आक्कांची जागा रिकामी. बाहेर धावले. त्या पायरीवर रागारागानं चपला घालत होत्या.

"तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला. माझ्यापायी गादीला बोललीस? चाळीस वर्षं त्या मंदिरात बसतेय मी!"

"आक्का—"

"चल. कुठं आहे तुझी ती गाडी? चल, काढते फोटो. पण काही निघालं नाही ना मालन, तर परवा पौर्णिमेला सगळ्यांसमोर बुवांच्या पायावर नाक घासायचंस. कबूल?"

"कबूल."

"शपथ घे दत्ताची."

मी घेतली. आक्का पुढं, गुडघे दुखत असतानाही तरातरा, आणि मागं शेवंतीचा हार घेऊन मी. सगळा बाजार बघत होता. साडेपाचला मुल्ला सिस्टरनं त्यांना गाडीत चढवलं आणि दार लावलं. मी बाहेर उभी राहून आयुष्यातली सगळ्यात कळकळीची प्रार्थना केली. दत्ता, मला नाक घासायला लाव. साऱ्या गावासमोर लाव. रक्त येईपर्यंत लाव.

डॉक्टरीणबाईंनी उतरताना आक्कांच्या हातात चिठ्ठी दिली. सोमवारी जिल्ह्याला जा, सुईची तपासणी लागेल. पौर्णिमेला आम्ही दोघीही मंदिरात गेलो नाही. सोमवारी यजमान आणि भावजी दोघेही बरोबर आले. तेव्हा कुठं घरात सांगितलं होतं.

रिपोर्ट दहा दिवसांनी आला. तो घेऊन मुल्ला सिस्टर स्वतः आली. आक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"काय गं," त्यांनी मला विचारलं, "नाक कुणी घासायचं?"

सिस्टरनंच सांगितलं. कॅन्सर आहे. काखेतही थोडा उतरलाय. ऑपरेशन होईल, पुढं औषधं लागतील, लवकर जाऊ या. चार महिन्यांपूर्वी आला असतात तर, एवढं बोलून ती थांबली, पण ऐकायचं ते आम्ही दोघी जावांनी ऐकलं.

याला आता नऊ वर्षं होतील. आक्का आज चौऱ्याहत्तरच्या आहेत. एक बाजू गेली, केस गेले आणि परत आले, डावा हात अजून सुजतो. बुवांवरून आम्ही अजूनही भांडतो. त्या म्हणतात, माणूस वाईट नव्हता. मी म्हणते, म्हणून तर जास्त राग येतो. पण रिपोर्ट आला त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं.

सिस्टर गेल्यावर आक्कांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग म्हणाल्या, "तुझा फोन दे. बोलून पाठवायचं कुठं असतं त्यात?"

मी बटण दाबून धरलं. त्यांनी घसा साफ केला. "मी सुभद्रा कोपर्डे बोलतेय. मला गाठ होती, कॅन्सर निघाला. यंत्रानं झाला नाही, आधीच होता. चार महिने मी लपवला. कुणाला असं काही लागत असेल तर मुल्ला सिस्टरकडं जा. मला जायला उशीर झाला."

फोन लगेच वाजायला लागला. एकामागून एक.

"काय म्हणतायत?"

"हात जोडतायत," मी म्हटलं. "सतरा जणींनी जोडले."

"आणखी?"

मला सांगायची लाज वाटत होती. "दत्ताचा फोटो आलाय. आणि पतंगेकाकू म्हणतायत, गव्हांकुराचा रस घ्या, एकवीस दिवसांत गुण येतो. खाली चौघींनी अंगठा दाखवलाय."

आक्कांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. बटण स्वतःच दाबलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"मला हात जोडू नका गं बायांनो. ते हात सोडा, आत जा, दार लावा, आणि त्याच हातांनी आपापली छाती चाचपून बघा. आत्ता. उद्या नाही."

ते गेलं. सगळ्यांनी ऐकल्याची खूण आली.

त्यानंतर बराच वेळ ग्रुपवर कुणाचंच काही आलं नाही.